गोठलेलं खोबरेल तेल आणि ड्रोनची बॅटरी: कडाक्याच्या थंडीत पहिल्यांदा उडवणाऱ्या नागपूरकरांसाठी

नागपुरात ड्रोन शिकलेल्या माणसाला भीती असते ती तापण्याची. मे महिन्यात पारा ४५ वर गेला की दुपारी कोणी बॅग उघडत नाही. बहुतेक लहान ड्रोनची वरची मर्यादा ४० अंश, हे आपल्याला तोंडपाठ असतं. थंडीचं मात्र आपण मनावर घेत नाही. आपल्याकडे कुठे बर्फ पडतो, म्हणतो आणि जानेवारीत हिमाचलातल्या स्पितीची नाहीतर लेहची तिकिटं काढतो, ड्रोन बॅगेत कोंबतो. परत येताना काहींच्या बॅगेत फक्त रिमोट असतो.

माझं तसं व्हायचं थोडक्यात वाचलं. तो किस्सा पुढे येईल. आधी थंडीत नेमकं बिघडतं काय, ते.

थंडीत बॅटरीचं काय होतं

हिवाळ्यात आपल्या न्हाणीघरातली खोबरेल तेलाची बाटली आठवा. बाटली भरलेली असते, पण उलटी केली तरी थेंब पडत नाही. आई ती उन्हात ठेवते किंवा गरम पाण्याच्या बादलीत बुडवते, मग तेच तेल धार लावून येतं. लिथियम बॅटरीचं थंडीत जवळजवळ असंच होतं. आतली वीज कुठे जात नाही. पण आतलं रसायन मंदावतं, बॅटरीचा अंतर्गत विरोध वाढतो आणि मोटरींना जेवढ्या झपाट्याने करंट लागतो तेवढा ती देऊ शकत नाही. तुम्ही रिमोटवरची स्टिक (दांडी) जोरात वर ढकलली की व्होल्टेज खाली बसतं. आपले लोक याला 'सॅग' म्हणतात. व्होल्टेज ठरावीक आकड्याखाली गेलं की ड्रोन तुमचं ऐकत नाही, आहे तिथे उतरायला लागतो. खाली नदी आहे की दरी, याच्याशी त्याला घेणंदेणं नसतं.

इथेच नवखे फसतात, कारण पडद्यावर टक्के भरपूर दिसत असतात. ५८ टक्के म्हणजे अर्ध्याहून जास्त, असा आपला हिशेब. पण ते टक्के म्हणजे बाटलीत किती तेल आहे त्याचा आकडा. आत्ता किती ओतता येईल, ते त्यात लिहिलेलं नसतं. म्हणून थंडीत टक्क्यांपेक्षा दोन गोष्टींवर नजर ठेवायची: बॅटरीचं तापमान आणि प्रत्येक सेलचं, म्हणजे बॅटरीच्या आतल्या एकेका घटकाचं, व्होल्टेज. बऱ्याच ॲपमध्ये हे दोन्ही आकडे बॅटरीच्या माहितीत आत कुठेतरी दडवलेले असतात. आजच शोधून ठेवा. बर्फात हातमोजे घालून मेनू धुंडाळायला जमत नाही.

पहिली पायरी: आपल्या ड्रोनचे दोन आकडे

पुस्तिकेत दोन आकडे शोधा. पहिला, किती तापमानापर्यंत उडवायची मुभा आहे. दुसरा, समुद्रसपाटीपासून किती उंचीपर्यंत. उदाहरणार्थ, डीजेआय कंपनीचा मिनी २ हा ० ते ४० अंशांसाठी आहे, तर मिनी ३ आणि मॅव्हिक ३ उणे १० पर्यंत चालतात. उंचीत मिनी २ आणि मिनी ३ ची मर्यादा ४००० मीटर, एअर २एस ची ५०००, मॅव्हिक ३ ची ६०००.

आता हे आकडे प्रवासाच्या नकाशावर ठेवून बघा. नागपूर समुद्रसपाटीपासून साधारण ३१० मीटरवर. स्पितीतलं मुख्य गाव काझा ३६५० च्या आसपास, म्हणजे मिनीवाल्यांना गावात चालतं. पण सगळ्यांना ज्याचा फोटो हवा असतो तो 'की' नावाचा मठ ४१६६ मीटरवर आणि किब्बर गाव त्याहूनही वर. काझ्यात मस्त उडालेला ड्रोन दहा-बारा किलोमीटरवर मर्यादेबाहेर जातो. थंडीत हवा थोडी दाट होते आणि पंख्यांना पकड चांगली मिळते, हे खरं. नागपुरातही ४० अंशांपेक्षा १० अंशांची हवा सुमारे १० टक्क्यांनी दाट असते. पण काझ्याला उंचीचा तोटा त्याहून कितीतरी मोठा. उणे १० अंशांतही तिथली हवा आपल्या इथल्या २५ अंशांच्या हवेच्या साधारण तीन चतुर्थांशच भरते. म्हणजे पंखे जास्त वेगाने फिरणार, करंट जास्त ओढणार, तोही आधीच आखडलेल्या बॅटरीतून.

दुसरी पायरी: सराव इथेच, डिसेंबरच्या पहाटे

नागपूरची थंडी काही अगदीच लेचीपेची नाही. २९ डिसेंबर २०१८ ला इथे ३.५ अंशांची नोंद झाली होती. एरवीही डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहाच्या खाली येतो. म्हणजे थंडीतला पहिला सराव आपल्याच गावात, फुकटात.

जागा नीट निवडा. सोनेगावचं विमानतळ शहराला इतकं चिकटलेलं आहे की धरमपेठ, अंबाझरी, सीताबर्डी सगळंच ८ किलोमीटरच्या आत येतं. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार एवढ्या अंतरात परवानगीशिवाय उडवता येत नाही. ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंतच. त्यापलीकडे, हिरव्या भागात, ४०० फूट. वायुसेनानगरच्या बाजूला तर ड्रोन काढूच नका. सरकारच्या डिजिटल स्काय संकेतस्थळावरचा नकाशा आदल्या रात्री बघा आणि हिवाळी अधिवेशन चालू असेल तर पोलीस ठाण्यातही विचारून घ्या. तुमचा ड्रोन २५० ग्रॅमच्या आतला असला तरी हे टळत नाही. हलक्या ड्रोनला पायलट परवाना लागत नाही, याचा अर्थ 'कुठेही उडवा' असा काही लोक काढतात.

मी काटोलच्या बाजूला जातो, ओळखीच्या एका संत्र्याच्या बागेत. पहाटे साडेसहाला निघायचं, वाटेत तर्री-पोहे, आणि सूर्य वर आला की बांधावर उभं राहायचं. पहिल्या खेपेला मी बॅटऱ्या रात्रभर अंगणात ठेवल्या होत्या, मुद्दाम. दुसरा संच खिशात. दोन्हींवर एकच काम दिलं: पाच मिनिटं जागच्या जागी हॉव्हर, मग एकदा पूर्ण वेगाने वर. गार बॅटरीचं व्होल्टेज वर जाताना ज्या वेगाने घसरलं, ते बघून मी गप्पच झालो. बागमालक काका शेकोटीपाशी बसून बघत होते. म्हणाले, "काहून भाऊ, तुमचं इमानबी काकडलं का?"

काकडलंच होतं. हाच प्रयोग तुम्हीही करा आणि वहीत लिहून ठेवा: उडताना बॅटरीचं तापमान किती, एका मिनिटाला किती टक्के उतरले, जोर दिल्यावर सेलचं व्होल्टेज कुठपर्यंत बसलं. तीन-चार पहाटांत तुमच्या बॅटऱ्यांपैकी म्हातारी कोणती, ते कळेल. एक बॅटरी हमखास बाकीच्यांपेक्षा आधी बसते. तिच्यावर मार्करने खूण करा आणि ती नागपुरातच ठेवा. फुगलेली असेल तर ठेवूही नका, उडवूही नका.

घरच्या फ्रीजरमध्ये बॅटरी ठेवून चाचणी घ्यायचा मोह काहींना होतो. नको. बाहेर काढल्यावर तिच्यावर पाणी सुटतं, आणि ते पाणी बॅटरीच्या टोकांवर.

धुकं दिसलं तर त्या दिवशी पोहे खाऊन परत या. लहान ड्रोन पाण्यासाठी बांधलेले नसतात. शिवाय पारा शून्याच्या आसपास असताना धुक्यात उडवलं की पंख्यांच्या पात्यांवर बर्फ धरतो. पातं जड आणि खडबडीत झालं की उचल कमी होते. नागपुरात हे होणार नाही, पण पहाडात धुकं आणि ढग यांत फरक नसतो, म्हणून सवय इथूनच लावा.

तिसरी पायरी: बॅग

जास्तीच्या बॅटऱ्या विमानात केबिनमध्येच न्यायच्या. चेक-इनच्या सामानात टाकल्या तर बॅग उघडायला बोलावतात आणि तुमची फ्लाइट चुकायची वेळ येते. मर्यादा १०० वॅट-तासांची आहे. मिनी २ ची बॅटरी जेमतेम १७ वॅट-तासांची, त्यामुळे छोट्या ड्रोनवाल्यांना काळजी नाही. टोकांवर चिकटपट्टी लावा किंवा प्रत्येक बॅटरी वेगळ्या पिशवीत ठेवा. दिल्लीपर्यंत रेल्वेने जाणार असाल तर एवढंच बघा की बॅग खालच्या बर्थखाली पाण्याच्या बाटल्यांच्या शेजारी नको.

बरोबर घ्यायच्या वस्तू: अंगठा आणि तर्जनी उघडी राहतील असे पातळ हातमोजे आणि त्यावर घालायचे जाड मोजे, घडीचं लँडिंग पॅड, झिप लागणाऱ्या मोठ्या प्लास्टिकच्या पिशव्या, जास्तीचे प्रॉप (पंखे), मऊ कापड, आणि एक रबरी गरम पाण्याची पिशवी. हवेने तापणारी हँड वॉर्मरची पाकिटं मिळतात, त्यांत लोखंडाची भुकटी असते. ती ऑक्सिजनवर तापतात, म्हणून उंचावर थोडी मंद पडतात. त्यांच्यावरच विसंबू नका.

ॲपची अपडेटं आणि नकाशे घरीच, वायफायवर उतरवून घ्या. पहाडात अपडेट मागणारं ॲप हा थंडीइतकाच मोठा शत्रू.

चौथी पायरी: तिथे पोचल्यावर, उडवण्याआधी

आता माझा किस्सा. काझ्याला पोचलो तेव्हा रात्र झाली होती. सामान उतरवायचा कंटाळा आला म्हणून ड्रोनची बॅग गाडीतच ठेवली. सकाळी ॲपने बॅटरी गार असल्याचा इशारा दिला. मी दोन्ही बॅटऱ्या पाच मिनिटं तळहातांत चोळल्या, बाहेरून कोमट लागल्या तसं समाधान झालं. इशारा गेला आणि मी उडवलं. आतला गाभा तसाच थंड होता. नदीच्या पात्रावर सव्वाशे मीटर लांब, ५८ टक्के शिल्लक असताना मी वर जायला स्टिक ढकलली आणि लाल अक्षरं झळकली. ड्रोन उतरायला लागला. मी स्टिक बाजूला ढकलत राहिलो, तो तिरका होत होत पात्रातल्या गोट्यांवर बसला. पाणी तिथून तीन हातांवर असेल.

चूक पूर्णपणे माझी होती, आणि ती रात्रीच झाली होती. तेव्हा:

रात्री बॅटऱ्या खोलीत, शक्यतो अंथरुणात पायाशी. सकाळी निघताना त्या आतल्या खिशात, अंगाला लागून. जॅकेटच्या बाहेरच्या खिशात ठेवून काही होत नाही. ड्रोनमध्ये बॅटरी घालायची ती उडवण्याच्या अगदी आधी. बॅटरी २० अंशांच्या वर असली की मी निघतो. १५ च्या खाली असेल तर नाही. गरम पाण्याच्या पिशवीत पाणी कोमटच भरा, हाताला सुखद लागेल इतकं, आणि बॅटरी व पिशवीच्या मध्ये लोकरीचा मोजा ठेवा. खोलीतल्या लाकडाच्या शेगडीवर किंवा गाडीच्या हीटरच्या झोतात बॅटरी धरू नका. जास्त तापवलेली लिथियम बॅटरी थंड बॅटरीहून कितीतरी धोकादायक.

आणि चार्जिंग. गारठलेली बॅटरी चार्जला लावायची नाही. बऱ्याच लहान ड्रोनच्या बॅटऱ्यांसाठी चार्जिंगची खालची मर्यादा ५ अंश असते. शून्याखाली चार्ज केलं तर आत धातुरूप लिथियमचा थर जमतो, क्षमता कायमची जाते आणि आत शॉर्ट व्हायचा धोका राहतो. उडवून परत आलात की बॅटरी तासभर खोलीत राहू द्या, मग लावा. पहाडात रात्री वीज जाते, म्हणून दिवसा वीज असेल तेव्हाच चार्ज उरकून घ्या.

फोनही गारठतो. आयफोनची कामाची मर्यादाच ० ते ३५ अंश आहे. रिमोटमध्ये लावलेला फोन मध्येच बंद पडला तर पडदा गेला, ड्रोन हवेत. फोन पूर्ण चार्ज करून, शेवटच्या क्षणापर्यंत खिशात ठेवा. वॉर्मरचं पाकीट असेल तर ते बॅटरीऐवजी फोनच्या पाठीला लावा, तिथे ते जास्त उपयोगी पडतं. पडदा गेलाच तर काय करायचं, हेही आधी ठरवा: रिमोटवरचं परतीचं बटण कुठे आहे ते न बघता बोटाला सापडलं पाहिजे.

परवानगीचं इथे पुन्हा. स्पिती आणि लडाख दोन्ही सीमेजवळचे भाग आहेत. लष्कराचा तळ, पूल, चौकी यांच्या आसपास ड्रोन काढू नका. किब्बरला अभयारण्य आहे, हिमबिबट्याच्या आशेने तिथे ड्रोन उडवणारे लोक त्या बिचाऱ्या प्राण्याला पळवून लावतात. स्थानिक प्रशासनाला विचारा, होमस्टेच्या मालकालाही विचारा. त्याला जे माहीत असतं ते नकाशावर नसतं.

पाचवी पायरी: हवेत

वेळ: सकाळी ऊन अंगावर आल्यावर, साधारण नऊ ते अकरा. स्पितीत दुपारनंतर दरीत वारा सुटतो आणि लहान ड्रोनला तो झेपत नाही.

बर्फावरून थेट उडवू नका. पंख्यांनी उडालेला भुसभुशीत बर्फ मोटरींत आणि गिंबलमध्ये, म्हणजे कॅमेरा स्थिर धरणाऱ्या यंत्रणेत, जातो. पॅड टाका, कडेला चार दगड ठेवा. सुरू करताना गिंबल नीट डोलतं का बघा. थंडीत वंगण घट्ट होतं, मोटर कुरकुरते आणि ॲप ओव्हरलोड दाखवतं. अशा वेळी बंद करून पाच मिनिटं जॅकेटमध्ये घ्या.

वर उचलून दोन-तीन मीटरवर थांबवा आणि पूर्ण एक मिनिट तिथेच राहू द्या. घाई करणाऱ्यांना हे मिनिट फुकट गेल्यासारखं वाटतं. या मिनिटात बॅटरी स्वतःच्याच करंटने आतून तापते. खोबरेलाची बाटली उन्हात ठेवण्याचं कामच ते. तेवढ्यात घराची जागा, म्हणजे परतीचं बटण दाबल्यावर ड्रोन जिथे येणार ती, नोंदली गेली का तेही बघा. पांढऱ्या सपाट बर्फावर पोटाखालच्या कॅमेऱ्यांना धरायला खूण सापडत नाही, त्यामुळे ड्रोन खाली उडत असताना वाहवत जाऊ शकतो. उपग्रहांची संख्या चांगली असल्याशिवाय पुढे जाऊ नका, आणि उतरताना पॅडवर स्वतः आणा, त्याच्यावर सोडू नका.

मग स्टिक हळू. स्पोर्ट मोड (जास्त वेगाने उडवायचा) नाही. एकदम वर चढणं हे गार बॅटरीचं सगळ्यात जड काम, त्यामुळे उंची टप्प्याटप्प्याने घ्या. जाताना वाऱ्याच्या विरुद्ध जा, म्हणजे येताना वारा ढकलेल. परतीची उंची उगाच १०० मीटर ठेवू नका. परतीचं बटण दाबलं की ड्रोन आधी तेवढा वर चढतो, तेही उरलेल्या, दमलेल्या बॅटरीवर. आसपासच्या सगळ्यात उंच अडथळ्याच्या थोडं वर, बस्स.

आपल्याकडे २५ टक्क्यांना परत फिरतात. तिथे ४० ला फिरा, पहिल्या दिवशी ५० ला. जोर दिल्यावर सेलचं व्होल्टेज ३.३ व्होल्टच्या आसपास येऊ लागलं तर टक्के काहीही असोत, स्टिक सैल करा आणि घरचा रस्ता धरा. एका बॅटरीवर दहा-बारा मिनिटं मिळाली तर खूश व्हा.

फोटोचं थोडक्यात: बर्फ कॅमेऱ्याला फसवतो, तो करडा करून टाकतो. एक्सपोजर अर्ध्या ते एका स्टॉपने वाढवा, हिस्टोग्राम (पडद्यावरचा उजेडाचा आलेख) उजव्या कडेला आपटत नाही ना बघा. व्हिडिओसाठी एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काळसर काच) लागतोच, पण तो खोलीतच लावून निघा. गारठलेल्या बोटांनी ती चकती हमखास बर्फात पडते. व्हाइट बॅलन्स हाताने ठरवा, नाहीतर एकाच शॉटमध्ये बर्फ निळा-पिवळा होत राहतो.

सहावी पायरी: परत खोलीत

बाहेर उणे दहा, आत चुलीची ऊब. ड्रोन तसाच आत नेला की लेन्सवर, गिंबलमध्ये आणि आतल्या सर्किटवर दव धरतं, जसं आपल्याकडे फ्रीजमधली बाटली मेमध्ये बाहेर काढल्यावर धरतं. म्हणून आत जाण्याआधी, बाहेरच, ड्रोन झिपच्या पिशवीत घाला, हवा काढा, पिशवी बंद. बॅटऱ्या मात्र आधी काढून खिशात. खोलीत पिशवी न उघडता दोन तास ठेवा. दव पिशवीच्या बाहेरच्या बाजूला धरेल, तिथे धरू द्या. मेमरी कार्ड आधीच काढून घ्या, नाहीतर रात्री फुटेज बघायच्या ओढीने तुम्ही पिशवी उघडणार.

पाती बोटाने चाचपा. थंडीत प्लास्टिक कडक होतं, गोट्यांवर बसताना पडलेली बारीकशी चीर दिसत नाही पण नखाला लागते. शंका असेल तर पातं बदला, जोडीनेच.

नागपूरला परतल्यावर बॅटऱ्या भरलेल्या ठेवू नका. पुढच्या सहलीला वर्ष असतं आणि मध्ये आपला उन्हाळा. ५० ते ६० टक्क्यांवर आणून, कूलरच्या खोलीत, स्टीलच्या डब्यात. मी डब्यावर तारीख लिहून ठेवतो आणि दोन-तीन महिन्यांनी एकदा बघतो. काझ्याला नदीकाठी बसलेली ती बॅटरी अजून त्यातच आहे, वरची खूण मार्करची, हिरवी. काटोलला पहाटे हॉव्हरला चालते.